बियांनी प्यायलेलं पाणी

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर माझी एकतीस वर्षं गेली. गिअर आणि पिना ९२० अंशांना तापवायच्या, तेलात बुडवायच्या आणि मग त्यांचा ठिसूळपणा जावा म्हणून १८०-२०० अंशांना दोन तास टेम्परिंगला लावायच्या. त्यामुळे 'ब्रेड २०० अंशांना भाजा' असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हे तर टेम्परिंग. यात चुकायला जागा कुठे आहे?

माझा पहिला ब्रेड अजून आमच्या इंदिरानगरच्या घरात आहे. म्हणजे त्याचा फोटो आहे. मुलीनं काढलेला, शेजारी वीट ठेवून.

निमित्त साखरेचं झालं. मागच्या नोव्हेंबरात रक्ततपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.२ निघालं. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात." सकाळी चहात बुडवून दोन पाव खायची सवय मला पहिल्या पाळीच्या दिवसांपासूनची. ती सोडा म्हणाले. मी तडजोड म्हणून दुकानातून 'मल्टिग्रेन' लिहिलेला ब्रेड आणला. पाकिटावर गव्हाची ओंबी, सूर्यफूल, काय काय. मागची घटकांची यादी वाचली तर पहिलं नाव मैद्याचं. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, त्यामुळे आत सगळ्यात जास्त काय भरलंय ते तिथंच कळतं. मग माझ्यातला तपासनीस जागा झाला. एक स्लाइस घेतली, टाचणीनं सगळ्या बिया टोकरून काढल्या आणि मुलीच्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवल्या. आकडा एक ग्रॅमपर्यंतही गेला नाही. त्यातल्याही निम्म्या वरच्या सालीवरच्या, दाखवण्यापुरत्या.

"अहो, ब्रेड खायला आणलाय की पंचनामा करायला?" ही म्हणाली.

तर बिया घातलेला ब्रेड खायचा असेल तर तो घरीच करायचा, असं ठरलं. माझं ठरलं. बाकी कुणी मत दिलं नव्हतं.

एक आधीच सांगून टाकतो, या ब्रेडनं साखर उतरते असा माझा मुळीच दावा नाही. कणकेचा झाला तरी तो गहूच. आणि बिया म्हणजे तेलबिया, शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. मूठ मूठ घातल्या म्हणून कुणी बारीक होत नाही. पण चहा-पाव खाल्ल्यावर दहा वाजायच्या आत मला पुन्हा भूक लागायची, ती याच्या दोन तुकड्यांवर एक वाजेपर्यंत लागत नाही. माझ्यापुरतं एवढं खरं.

बिया गोळा करताना मात्र मजा आली. जवस आणि तीळ रविवार कारंजाजवळच्या एका किराणा दुकानातून घेतले. दुकानदारानं आधी संक्रांतीचे पांढरेशुभ्र तीळ पुढे केले. मी सालासकटचे, मळकट दिसणारे मागितले, कारण तिळातलं बरंचसं कॅल्शियम त्या सालातच असतं. सूर्यफुलाच्या आणि लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया सुक्या मेव्याच्या दुकानात मिळाल्या. भाव ऐकून हिनं कपाळाला हात लावला. "भोपळा चिरतो तेव्हा आपण बिया केरात टाकतो ना?" टाकतो. म्हणून एकदा घरच्या भोपळ्याच्या बिया धुऊन, उन्हात वाळवून सोलायला बसलो. तासाभरात दोन चमचे गर निघाला आणि नखं दुखायला लागली. तेव्हापासून दुकानदार मागेल तो भाव मुकाट्यानं देतो.

पाचवी बी म्हणजे खुरासणी. हिचं माहेर पेठ तालुक्यातलं. तिकडे डोंगरउतारावर नागली, वरईच्या जोडीनं खुरासणी होते. पुण्याकडे तिला कारळे म्हणतात. काळी, चकचकीत, बारीक. घरात तिची चटणी कायमच असते, पण ती ब्रेडमध्ये घालावी असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मेहुण्यानं पिशवीभर आणून दिली होती आणि ती समोर होती, म्हणून घातली. आता मला विचाराल तर सूर्यफूल-भोपळा हे नुसते चावायला, वास खुरासणीचा.

आता त्या विटेची गोष्ट. कृतीत लिहिलं होतं, यीस्ट कोमट पाण्यात घाला. माझं कोमट म्हणजे भट्टीवाल्याचं कोमट. पाण्यातून वाफ येत होती, पण हाताला काही विशेष गरम लागलं नाही. तीस वर्षांत माझ्या बोटांची कातडीच तशी झालीय. यीस्ट हा जिवंत बुरशीचा प्रकार, ५५-६० अंशांच्या पुढे तो जगत नाही. माझ्या पातेल्यात तो मेला आणि मी तीन तास त्या मेलेल्या गोळ्याकडे आशेनं बघत बसलो. मग म्हटलं, ओव्हनमध्ये गेल्यावर फुगेल. नाही फुगला. आई चौऱ्याऐंशीची. तिनं तो हातात घेऊन, वाजवून बघितला आणि विचारलं, "विरजण लावताना दुधात बोट बुडवून बघतात ना? तेवढं कोमट. तू कढत पाण्यात विरजण लावलंस." एवढं साधं गणित कृती लिहिणाऱ्यानं का लिहिलं नव्हतं, कोण जाणे.

दुसऱ्या वेळी आईचं बोट वापरलं. यीस्ट जिवंत राहिला, पण डिसेंबर होता. निफाडचा पारा सहा-सात अंशांवर उतरल्याच्या बातम्या येत होत्या, आमच्या स्वयंपाकघरात सकाळी आठ वाजता १७ अंश. अशा थंडीत यीस्ट काम करतो, पण सरकारी गतीनं. इडलीचं पीठ हिवाळ्यात ही घोंगडीत गुंडाळून ठेवते, तसं पातेलं गुंडाळून दिलं. संध्याकाळपर्यंत फुगलं एकदाचं. नंतर मी बंद ओव्हनमध्ये नुसता आतला दिवा लावून ठेवायला लागलो. तेवढ्यानं आत २८-२९ अंश राहतात. हे फार सोयीचं आहे, फक्त आत पीठ आहे हे विसरून कुणी ओव्हन तापवायला लावू नये. आमच्याकडे एकदा झालंय. मीच लावला होता.

तर तिसरा ब्रेड फुगला, भाजला, रंग आला. वाटलं, जमलं. कापायला घेतला तर भुगा. सुरी फिरवली की प्रत्येक बीपाशी तुकडा तुटायचा. लोणी लावायला गेलं की मधोमध भोक. चव बरी, पण कोरडा ठक्क, घशाखाली उतरायला चहा लागेल असा. पिठाच्या मानानं पाणी मी मोजूनच घातलं होतं, ७० टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पिठाला ७० ग्रॅम. मग पाणी गेलं कुठे?

या प्रश्नावर माझे दोन दिवस गेले आणि ते दोन दिवस मला सगळ्यात आवडले. पाच वाट्या घेतल्या. प्रत्येकीत एकेक प्रकारची बी, मोजून दहा ग्रॅम, वर भरपूर पाणी. चार तासांनी गाळून पुन्हा वजन. सूर्यफूल दीडपट झालं, तीळ जवळजवळ तेवढेच, भोपळा थोडा कमी. जवस मात्र गाळलाच जाईना. त्याभोवती अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत थर तयार झाला होता आणि तो पाणी सोडायला तयार नव्हता. वजन तिपटीच्या पुढे. सगळी चोरी उघड झाली. मी सुक्या बिया कणकेत मिसळत होतो आणि पीठ फुगत असताना, नंतर भट्टीतही, त्या कणकेच्या वाट्याचं पाणी पीत होत्या. ब्रेडच्या वाट्याला उरलं ते कमी. तीळ आणि खुरासणी दिसायला एवढ्याशा, पण मूठभर म्हणजे हजारो तोंडं.

उपाय सोपा आहे. बियांना त्यांचं पाणी आधीच द्यायचं. जितक्या ग्रॅम बिया तितकंच किंवा थोडं जास्त गरम पाणी, रात्रभर झाकून. सकाळी वाटीत मोकळं पाणी उरलेलं नसतं आणि बियाही कडकडीत नसतात. हे हिला मोठ्या उत्साहानं सांगितलं तर म्हणाली, "मूग भिजवल्याशिवाय उसळ करते का मी?"

भाजण्याच्या बाबतीतही तसंच. सगळ्या बिया एकत्र कढईत घालून मी परतायला घेतल्या. भोपळ्याची बी फुगून तडतडेपर्यंत खुरासणी जळून कडू झाली. खुरासणी कडू झाली की ती एकटी कडू होत नाही, सगळ्यांना घेऊन बुडते. चटणीला ती वेगळी, मंद आचेवर, दोन-तीन मिनिटंच भाजायची असते, हे या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. आता प्रत्येक बी वेगळी भाजतो. आणि ब्रेडच्या वर लावायच्या असतील त्या भाजतच नाही, कारण त्यांना ओव्हनची धग थेट लागते, तिथं त्या आपोआप खमंग होतात. वर लावताना पिठावर ओला हात फिरवायचा आणि मग दाबायच्या, नाहीतर कापताना सगळ्या ताटात.

जवसाचं आणखी एक. तो अख्खा गिळला तर बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यातलं ओमेगा-३ मिळायचं तर तो फुटायला हवा. पण मी जवस कुटायला लागलो ते या शास्त्रामुळे नाही, आईच्या कवळीमुळे. बारीक बी कवळीखाली गेली की तिचं जेवण तिथंच थांबतं. चौथा ब्रेड तिनं दोन घासांत बाजूला सारला, वर म्हणाली, "तुझा ब्रेड चांगलाय, मलाच दात नाहीत." हे ऐकल्यावर दुसरा काही मार्ग राहिला नाही. जवस आणि खुरासणी आता खलबत्त्यात भरड कुटतो. तीळ भिजून मऊ होतात, त्यांची तक्रार नाही. जवस लागेल तेवढाच कुटायचा, कुटून ठेवला की लवकर खवट होतो.

पिठाबद्दल लिहायचं तर पानं भरतील. आम्ही वर्षाचा गहू उन्हाळ्यात भरतो, लोकवन, निफाडकडचा. गिरणीवाल्याला पहिल्यांदा सांगितलं, "ब्रेडसाठी दळून द्या," तर तो म्हणाला, "काका, माझ्याकडे दोनच माप आहेत, पोळीचं आणि रव्याचं." पोळीचं घेतलं. दगडाच्या जात्यातून येणारं हे पीठ हातात घेतलं तर गरम असतं. त्या रगडण्यात स्टार्चचे कण फुटतात, आणि फुटलेले कण पाणी जास्त धरतात. पोळी मऊ राहते ती त्यामुळेच. ब्रेडला मात्र तेच जास्त झालं तर आतून चिकट लागतो. शिवाय कोंडा. पिठातलं ग्लुटेन मळता मळता जाळीसारखं विणलं जातं, त्या जाळीत यीस्टनं सोडलेला वायू अडकतो आणि ब्रेड फुगतो. कोंड्याच्या धारदार कण्या ती जाळी कापतात. त्यात बियांची भर. म्हणून बिया सुरुवातीला घालायच्या नाहीत. कणीक पूर्ण तिंबून झाल्यावर, शेवटी, घड्या घालून मुरवायच्या.

मध्ये हिच्या मामेभावाकडून गोदावरी जातीचा गहू आला. निफाडच्या संशोधन केंद्राची जात, पण बन्सी, म्हणजे कठीण दाण्याच्या गव्हाच्या गटातली; शेवयांना, रव्याला उत्तम. मला वाटलं, एवढं टणक दाणेदार पीठ, ब्रेड फक्कड होणार. कणीक ताणायला गेलो की फाटायची. त्या ब्रेडचा शेवटी शिरा झाला. खरंच, भुगा तुपात परतून, गूळ घालून. बरा लागला.

मैदा घालायचा का, यावर घरात वाद झाला. पुण्याहून मुलीचं म्हणणं, "बाबा, मग फरक काय राहिला?" मी सहा ब्रेड शंभर टक्के कणकेचे केले. दोन चांगले झाले, चार सहन केले. सातव्यापासून एकतृतीयांश मैदा घालतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. जो ब्रेड घरातले तिघं संपवतात तो, मी एकट्यानं आठवडाभर चघळत बसावं अशा शुद्ध ब्रेडपेक्षा बरा.

वहीतलं सध्याचं माप असं: कणीक २६० ग्रॅम, मैदा १४०, पाणी २८५, मीठ ८, गूळ १५, शेंगदाण्याचं तेल १५, इन्स्टंट यीस्ट ४. बिया एकूण ८० ग्रॅम: सूर्यफूल २५, भोपळा २०, तीळ १५, जवस १५, खुरासणी ५, त्यांना भिजवायला वेगळं पाणी ८५. सगळं मिळून ८९० ग्रॅमच्या आसपास भरतं, भाजून निघतं तेव्हा ७९०. शंभर ग्रॅम पाणी वाफ होऊन जातं. हा आकडा मी दर वेळी बघतो. कमी घटला असेल तर आत कच्चा आहे असं समजतो आणि बहुतेक वेळा तसंच निघतं.

पीठ आणि पाणी आधी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवतो. मीठ नाही, यीस्ट नाही. कोंडा तेवढ्यात भिजतो, बोथट होतो. मग उरलेलं सगळं घालून पंधरा मिनिटं तिंबायचं. सुरुवातीला हाताला इतकं चिकटतं की माणूस सुकं पीठ घ्यायला धावतो. तिथंच हात आवरायचा. पोळीच्या कणकेची सवय असलेल्यांना हे जड जातं. ही अजूनही बाजूनं जाताना चिमूटभर पीठ टाकू का म्हणून विचारते. हात पाण्यात बुडवून मळलं की दहाव्या मिनिटाला कणीक आपणहून परात सोडते.

पहिल्यांदा फुगायला ठेवतो ते सरळ उभ्या डब्यात, बाहेरून रबर बँड लावून. अंदाज नको. मैद्याचा गोळा दुप्पट होईपर्यंत थांबा म्हणतात. कणकेला पावणेदोनपट पुरे. पुढे गेलं की जाळी थकते. मग साच्यात. साचा भांडी बाजारातून आणलेला, ॲल्युमिनियमचा. दुसऱ्यांदा फुगताना पिठावर बोट हलकंच दाबून बघायचं: खळगा टुणकन भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश अर्धवट भरला तर भट्टीत घालायचं, आणि भरलाच नाही तर उशीर झाला.

आता भट्टी. इथं तरी मी शहाणा असेन असं वाटलं होतं. नवव्या ब्रेडपर्यंत मी ओटीजीच्या, म्हणजे आमच्या विजेच्या ओव्हनच्या, तापमानाच्या चकतीवर विश्वास ठेवला, आणि ज्या माणसानं आयुष्यभर 'आधी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) तपासा' असं पोरांना ओरडून सांगितलं, त्याला स्वतःच्या घरी ते सुचलं नाही. एका जुन्या सहकाऱ्याकडून वायरचा थर्मोकपल आणला. चकती २०० वर, आत १७२. दहा मिनिटांनी २१५, मग परत १६५. कॉइल चालू-बंद होते तसा पारा झोके घेतो. शिवाय दार उघडलं की पन्नास अंश खाली. आता तळाला लोखंडी तवा ठेवून पंचवीस मिनिटं आधी तापवतो. तवा धग धरून ठेवतो, झोके कमी होतात. ब्रेड आत ठेवताना त्या तव्यावर अर्धी वाटी उकळतं पाणी ओततो. वाफेनं वरची साल थोडा वेळ मऊ राहते आणि ब्रेडला वर यायला सवड मिळते. पाणी ओतताना दाराच्या काचेवर थेंब उडू द्यायचा नाही, तापलेली काच तडकते. चाळीस मिनिटांनी मधोमध सुई खुपसून ९५ अंश आले की झाला.

आणि गरम कापायचा नाही. हे मला पाळता येत नाही. वास सुटलेला असतो, आई दोनदा विचारून गेलेली असते. पण गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो, सुरीला लगदा येतो. दोन तास जाळीवर. त्या दोन तासांत मी घराबाहेर जातो.

चौदावा ब्रेड मात्र वेगळ्याच कारणानं लक्षात आहे. शनिवार होता. ब्रेड ओव्हनमध्ये जाऊन बारा मिनिटं झाली आणि लाइट गेली. वर आलेला, पण आत कच्चा. शेजारच्यांनी सांगितलं, दुरुस्तीचं काम आहे, चारपर्यंत येणार नाही. घड्याळात साडेदहा. मी ओव्हनचं दार बंद ठेवून, हात मागे बांधून उभा. कारखान्यात असं झालं की आम्ही जनरेटर लावायचो.

"बाजूला व्हा," ही म्हणाली. माळ्यावरून जाड लोखंडी कढई काढली, त्यात बोटभर मीठ पसरलं, मधे एक कडं ठेवलं, वर परात झाकली आणि मोठ्या गॅसवर तापायला ठेवली. लग्नानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे दिवाळीची नानकटाई याच कढईत व्हायची, हे मला तेव्हा आठवलं. दहा मिनिटांनी ब्रेडचा साचा आत, परात वर, परातीवर वरवंटा. गॅस मध्यम. मला राहवेना. थर्मोकपलची वायर परातीच्या फटीतून आत सरकवली. १९०. हलेना. पाच मिनिटांनी १९२, परत १९०. माझ्या चार हजारांच्या ओव्हननं कधी दाखवला नव्हता असा सरळ पारा.

"१९० आहे!" मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली, "तुम्ही ती वायर काढा, वाफ चाललीय."

ब्रेड वरून गोरा राहिला. कढईत वरून धग नसते, त्याला इलाज नाही. पण तळ आणि बाजू अशा खरपूस की तेवढ्याच कापून आधी संपल्या. वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी 'वीजपुरवठा खंडित' असं लिहिलं होतं. त्याखाली तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे: मीठ परत डब्यात भरून ठेवणे.

एप्रिलमध्ये सगळी गणितं पुन्हा बदलली. स्वयंपाकघरात ३६ अंश, पीठ चाळीस मिनिटांत डब्याबाहेर. एक ब्रेड भट्टीत जाताच मधून खचला, जुन्या वाड्याच्या छपरासारखा. आता उन्हाळ्यात यीस्ट निम्मं, पाणी माठातलं, आणि काम पहाटे साडेपाचला. बियांची वाटीही रात्रभर बाहेर राहिली तर सकाळी बुडबुडे येऊन आंबूस वास येतो, ती फ्रिजमध्ये. तयार ब्रेड मात्र फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. तिथल्या थंडीत तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा पडतो. दोन दिवस कापडात गुंडाळून बाहेर, उरलेला कापून फ्रीजरमध्ये, लागेल तसा तव्यावर. पावसाळ्यात दोन दिवसही बाहेर नको. तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके दिसले की बियांच्या भावासकट सगळं आठवतं.

हा ब्रेड मिसळीबरोबर खाऊ नये. एका रविवारी उत्साहात मी तो घेऊन बसलो. बिया सुटून रश्शात तरंगायला लागल्या, ब्रेड काही रस्सा शोषेना. मिसळीला पाव हवा, पांढरा, मऊ, निर्लज्ज. तिथं आरोग्य काढू नये.

मे महिन्यात पुन्हा तपासणी झाली, ६.० आलं. मी डॉक्टरांना ब्रेडचं सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोज चालता का?" चालतो, सकाळी, गोदापार्कला, पाच किलोमीटर. "मग ते चालू ठेवा," म्हणाले. ब्रेडबद्दल अक्षर नाही.

गेल्या आठवड्यात मेहुणा पेठहून आला होता. एकविसावा ब्रेड त्याच दिवशीचा, माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला. त्यानं स्लाइस उचलली, खिडकीकडे धरली, उलटसुलट करून बघितली.

"दाजी, यात आमची खुरासणी कुठंय?"

"आहे ना. कुटून घातलीय. पाच ग्रॅम."

"अख्ख्या ब्रेडला पाच ग्रॅम?" त्यानं बहिणीकडे बघितलं. "म्हणजे दाखवण्यापुरती."

बाविसाव्याला दहा घातली. जरा कडसर झाला, आईनं एकच तुकडा घेतला. मेहुणा निघताना अर्धा ब्रेड पिशवीत घालून घेऊन गेला.